न्हाव्याची खुर्ची आणि शेवटचे आठ सेकंद

दार्दो फेरेइराने आयुष्यात कोणाशी स्पर्धा केली नव्हती. पास्तोरा नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या खात्यात त्याने एकतीस वर्षं काढली, आणि त्या खात्यात स्पर्धेला वाव नसतो. कुत्रा येतो, मालक फी भरतो, बिल्ला दिला जातो. निवृत्त झाल्यावर तो रोज सकाळी थर्मास काखेत मारून चौकात जाई, माते हा तिकडचा कडू पाल्याचा चहा पीत बसे आणि समोरून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्याकडे सवयीने बघून घेई. अशा माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी लिलावात उतरावं लागलं, ते एका खुर्चीपायी.

खुर्ची त्याच्या वडिलांची. आदेमार फेरेइरा हे पास्तोराचे न्हावी. अठ्ठ्याहत्तर साली त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ते सात आठवडे राजधानीच्या इस्पितळात पडून होते. डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ उभं राहायचं नाही. दार्दो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि त्या वयात माणसाला निर्णय घ्यायला फार आवडतं. गावातून जुन्या सामानाचा ट्रक चालला होता. दार्दोने दुकानातली खुर्ची त्यात चढवली आणि आलेल्या पैशांत वडिलांना विश्रांतीसाठी टीव्ही आणला. बाबा घरी आले. दुकानातल्या मोकळ्या जागेकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "चित्र छान येतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आरशासमोर ठेवली आणि दुकान उघडलं.

पुढची अकरा वर्षं, दुकान बंद होईपर्यंत, पास्तोराने त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर केस कापून घेतले. ती बुटकी होती, म्हणून गिऱ्हाइकाच्या खाली टेलिफोन डिरेक्टरी ठेवावी लागे. पास्तोराची डिरेक्टरी फारच पातळ, म्हणून राजधानीची मागवली होती. बाबा खुर्चीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दार्दोही बोलला नाही. सदतीस वर्षं हा विषय घरात असा होता की त्याला वळसा घालून सगळे जेवायला जात.

आणि दोन हजार पंधराच्या ऑगस्टमध्ये दार्दोच्या मेव्हणीने, नेलीने, राजधानीतल्या एका लिलाव पेढीच्या इंटरनेटवरच्या पानावर त्या खुर्चीचा फोटो पाहिला. खुर्ची कोणीतरी हिरवी रंगवली होती. पण तिच्या डाव्या हातावर दातांचे चार व्रण होते आणि ते दात दार्दोचे होते. पहिल्या जावळाच्या वेळी त्याने ते रोवले होते. लिलाव संपणार होता रविवारी, चार ऑक्टोबरला, संध्याकाळी आठ वाजता. त्याच दिवशी बाबांना नव्वद वर्षं पूर्ण होत होती. दार्दो त्या रात्री झोपला नाही. सकाळी त्याने बायकोला, झुल्माला, सांगितलं की खुर्ची घरी येणार, आणि बाबांना आधी कळता कामा नये. झुल्माने साठवलेल्या पैशांचा अंदाज घेतला आणि अठरा हजार पेसोंची मर्यादा घातली. त्याच्या वर एक पेसोही नाही, असं तिने दोनदा सांगितलं.

बोली लावायची तर आधी नाव नोंदवायला हवं. पेढीला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता, म्हणजे विजेचं बिल. विजेचं बिल बाबांच्या नावावर होतं. दार्दो वीज कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी सांगितलं, नाव बदलायचं तर मूळ ग्राहकाने स्वतः यायला हवं. मग पोलीस चौकीतून रहिवासाचा दाखला चालेल का, असं त्याने पेढीला फोनवर विचारलं. चालेल म्हणाले. चौकीत दोन साक्षीदार लागत होते, नात्यातले नसलेले. पास्तोरात नात्यात नसलेली माणसं शोधायला दार्दोला चार दिवस लागले. ती घेऊन गेला, तर टेबलामागे सार्जंट ओलिवेरा. शहाण्णव साली दार्दोने त्याच्या विनापरवाना शिकारी कुत्र्याला दंड केला होता. सार्जंटने दाखल्याचा अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला की अर्जदार त्रेसष्ट वर्षं त्याच घरात राहतो याची खात्री करायला चौकीला एक महिना लागेल.

शेवटी नोंदणी बाबांच्याच नावाने करायचं ठरलं. "पेन्शनची कागदपत्रं आहेत," असं सांगून दार्दोने त्यांची सही घेतली. बाबांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, सही केली आणि कागद परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दार्दोने मनातल्या मनात स्वतःच्या चातुर्याला दाद दिली.

आता प्रश्न उरला डावपेचांचा. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक हेबेर्त हा या विषयातला गावातला अधिकारी पुरुष. शेवटच्या क्षणी बोली लावून त्याने मासे धरायच्या गळाची चाकी, जहाजाचा कंदील आणि दंतवैद्याच्या यंत्राचं स्टँड एवढ्या वस्तू जिंकल्या होत्या. स्टँड त्याला नको होतं. पण ते चार सेकंद उरले असताना मिळालं होतं, म्हणून त्याने ते काउंटरवर ठेवलं होतं. हेबेर्तचं म्हणणं असं की जो आधी बोली लावतो तो आपलं मन उघडं करतो. इतरांना वाटतं, अरे, या वस्तूत काहीतरी आहे. किंमत चढते. खरा खेळाडू गप्प बसतो, शेवटच्या आठ सेकंदांत एकदाच बोलतो आणि समोरच्याला तोंड उघडायला वेळ मिळत नाही.

"आठच का?" दार्दोने विचारलं.

"दहाला समोरचा जागा होतो. पाचला आपलं नेट झोपतं," हेबेर्त म्हणाला. "आणि पानावरच्या घड्याळाकडे बघायचं नाही. ते कधी अडकेल सांगता येत नाही. संगणकाचं घड्याळ बघायचं, सेकंदासकट."

नेलीचा स्वतंत्र सिद्धांत होता. गोल आकडा सगळेच लावतात, म्हणून आपण वेडावाकडा लावायचा. अठरा हजारांच्या जागी अठरा हजार एकशे सदतीस. वरच्या एकशे सदतीसवर झुल्माने बहिणीकडे नुसतं बघितलं, पण सिद्धांतापुढे तीही नमली.

हेबेर्तने सराव करायला लावला. पहिल्या सरावात दार्दो एका जुन्या छत्रीवर नेम धरून बसला होता, पण ऐनवेळी माते चहाच्या वाफेने चष्मा धुरकट झाला आणि छत्री गेली. दुसऱ्या सरावात तो सात सेकंद राखून जिंकला. आठवड्याने घरी साठ अंडी उबवण्याचं यंत्र आलं. झुल्माने ते कुठे ठेवायचं असं विचारलं नाही. ती त्यावर कपडे वाळत घालू लागली. दार्दोला हे अपमानास्पद वाटलं, पण हेबेर्तच्या मते सराव उत्तम झाला होता.

खुर्चीवर दुसरं कोणीतरी डोळा ठेवून आहे हे लवकरच दिसलं. पानावर माणसं टोपणनावाने वावरत. हा स्वतःला बिगोते-सत्तेचाळीस म्हणवत असे, म्हणजे मिशीवाला. सप्टेंबरभर त्याने एकदाच, सहा हजार चारशेची, बोली लावली आणि गप्प झाला. हेबेर्तने ते पाहून मान हलवली. "हा आपल्यातला आहे," तो म्हणाला. "हा पण शेवटच्या सेकंदाची वाट बघतोय." त्या दिवसापासून दार्दोला चौकात मिशीवाला माणूस दिसला की तो कुत्र्यांचे गळे सोडून त्याच्या मिशीकडेच बघू लागला.

इथे बाबांच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. दहा-अकरा वर्षांपूर्वी सरकारने नियम काढला की उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे तिकडे ऑक्टोबरात, देशाने आपली घड्याळं एक तास पुढे करायची आणि उन्हाळा सरला की मागे आणायची. देशाने ऐकलं. बाबांनी ऐकलं नाही. त्यांच्याकडे साखळीचं खिशातलं घड्याळ होतं, दुपारच्या बाराला ते रेडिओच्या टिकटिकीवर लावत, आणि उन्हाळ्यात रेडिओ एक वाजल्याचं सांगे तेव्हा बारावर लावत. दुकानात एवढी वर्षं काढली, पण कोणाच्या सांगण्यावरून सूर्य हलवला नाही, असं ते म्हणत. घरात याला "बाबांची वेळ" म्हणायचे. उन्हाळाभर सगळे एक वाजता जेवत आणि बाबा त्यांच्या एक वाजता, म्हणजे दोनला. गार झालेलं खात आणि तक्रार करत नसत.

चार ऑक्टोबरची सकाळ झाली. दार्दोने उशाजवळचा फोन पाहिला. संगणक पाहिला. दोघांनी रात्रीतून आपापली वेळ एक तास पुढे नेली होती. दरवर्षीचंच होतं. दार्दो स्टुलावर चढला, भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं, स्वयंपाकघरातलं केलं, झुल्माचं मनगटावरचं केलं. समोरून हेबेर्तनेही खिडकीतून आपला फोन दाखवून दुजोरा दिला. मग दार्दो सात वाजता बेकरीत बिस्कोचो पाव आणायला गेला, तर बेकरी बंद. तासभर थंडीत उभा राहिल्यावर बेकरीवाल्याने दार उघडलं. दार्दोने त्याला पाच गिऱ्हाइकांसमोर वक्तशीरपणावर चार शब्द सुनावले. बेकरीवाला म्हणाला की तो रोजच्याच वेळी उठला आहे. दार्दो म्हणाला, हीच तर आपल्या देशाची अडचण आहे. आणि समाधानाने घरी आला.

दुपारी एक वाजता सारण भरलेल्या रॅव्हिओली वाढल्या. बाबा त्यांच्या एक वाजता आले. वाढदिवस असूनही गार रॅव्हिओली खाल्ल्या, तोंड पुसलं आणि मागच्या खोलीत झोपायला गेले. केक संध्याकाळी आठनंतर कापायचा होता, म्हणजे त्याच्याबरोबर खुर्चीची बातमी देता येईल. केक तयार होऊन अंडी उबवण्याच्या यंत्रावर थांबला होता.

साडेसातला हेबेर्त आला, वही घेऊन. नेली आली, सायडरची बाटली घेऊन. दार्दोने चष्मा तीनदा पुसला. थर्मास खोलीबाहेर ठेवण्यात आला.  संगणकाच्या कोपऱ्यातले सेकंद पळत होते. सात एकोणसाठ झाले. चाळीस. पंचेचाळीस. हेबेर्तने दार्दोच्या खांद्यावर हात ठेवला. बावन्न सेकंदांवर त्याने खांदा दाबला आणि दार्दोने बटण दाबलं.

अठरा हजार एकशे सदतीस. सर्वात वरची बोली. आदेमार.

नेलीने बाटलीचं बूच अर्धं फिरवलं. सत्तावन्नव्या सेकंदाला आकडा बदलला. अठरा हजार पाचशे. बिगोते-सत्तेचाळीस. दार्दोने झुल्माची मर्यादा विसरून अठरा हजार सहाशे टाकायला घेतले, एक शून्य राहून गेलं, संगणकाने एक हजार आठशे साठ पेसोंची बोली नाकारली, आणि कोपऱ्यात आठ वाजले.

"संपलं," हेबेर्त म्हणाला.

दार्दोने भिंतीतून वायर उपटली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती कोणी वाचली नव्हती. हेबेर्तने वहीत लिहून घेतलं की पुढल्या वेळी आठऐवजी दोन. नेलीचं मत पडलं की एकशे सदतीसपेक्षा सातशे तीन बरं पडलं असतं.  आपण कोणत्याही बाबतीत वेळेवर पोचलो नाही, आणि बाबा नव्वदचे झाले, एवढंच दार्दोच्या डोक्यात होतं. त्याला रडू आलं आणि ते त्याने चष्म्यावर ढकललं.

झुल्माने केक आणला. बाबा आतून आले, खुर्ची ओढून बसले, सगळ्यांचे चेहरे पाहिले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

कोणी गेलं नाही असं झुल्मा म्हणाली. दार्दो मेणबत्ती लावत होता. तीन काड्या विझल्या. चौथी हातात धरून तो म्हणाला, "बाबा, अठ्ठ्याहत्तर साली तुमची खुर्ची मी विकली."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मी इथंच राहत होतो."

"ती आज परत घ्यायची होती. तुमच्यासाठी. लिलावात होती. मी हरलो. आठला संपला लिलाव."

बाबांनी खिशातून घड्याळ काढलं, साखळी सरळ केली, झाकण उघडलं. "कसा संपेल? सात वाजून बारा मिनिटं झालीत."

हेबेर्त प्रेमाने हसला. नेली म्हणाली, "काका, ती तुमची वेळ." दार्दोला हसताही येईना. तो म्हणाला, बाबा, आज तरी नको. बाबांनी घड्याळ बंद केलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. "लाव," ते म्हणाले. "तूच आणलाय."

आठ वाजून गेल्यावर लागणारी मालिका लागली नव्हती. सातच्या बातम्या चालू होत्या. निवेदिका सांगत होती की देशभरातल्या कित्येक फोन आणि संगणकांनी आज पहाटे आपल्या मनानेच वेळ पुढे नेली आहे, तरी नागरिकांनी गोंधळू नये. घड्याळ पुढे करण्याची पद्धत सरकारने जूनमध्येच बंद केली आहे. जूनमध्ये सगळ्यांनी ते वाचलं होतं, पण जूनमध्ये ऑक्टोबरची वेळ कोण लक्षात ठेवतो. दार्दोला बेकरीवाला आठवला आणि कानशिलं तापली.

"सरकारला अकरा वर्षं लागली," बाबा म्हणाले आणि केककडे वळले.

खोलीत धावपळ उडाली. दार्दोने वायर भिंतीत खुपसली. संगणक सुरू व्हायला नऊ मिनिटं लागली, त्यातली तीन तो अयोग्यरीत्या बंद केल्याबद्दल सुनावत होता. पान उघडलं. अठरा हजार पाचशे, बिगोते-सत्तेचाळीस. आणि तळाशी ती बारीक ओळ : बोली स्वीकारणे चालू आहे.

हेबेर्तच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. त्याने सगळ्यांना बसायला सांगितलं. आता उतावीळपणा नको, सात एकोणसाठ अठ्ठावन्नपर्यंत श्वास रोखायचा, या वेळी काकांच्या घड्याळावर. बाबा चमचा खाली ठेवून हे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की त्या मिशीवाल्याला आत्ता काय वाटत असेल.

"वाटत असेल की जिंकला," हेबेर्त म्हणाला.

"मग तो कुठे असेल?"

 मिशीवाला कोणाच्या तरी अंगणात, मांस भाजायच्या निखाऱ्यांपुढे, पेला हातात घेऊन असणार होता. त्याच्यासारखे देशातले सगळे शेवटच्या सेकंदाचे खेळाडू नेमके एक तास आधी आपापला नेम मारून उठून गेले होते.

"माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्याला बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसवून ठेवत नसे," बाबा म्हणाले. "दार्दो, लाव बोली."

दार्दोने हेबेर्तकडे पाहिलं, मग झुल्माकडे. मर्यादा कधीच ओलांडली होती. झुल्मा उठली, ओव्हनवरचा डबा काढला, त्यातून वरचे चारशे त्रेसष्ट पेसो मोजले आणि संगणकाशेजारी ठेवले. दार्दोने अठरा हजार सहाशे टाकले, या वेळी शून्यं बोटाने मोजून. बटण मात्र बाबांनी दाबलं. नोंदणी त्यांच्या नावाने होती, ते त्यांनी सहीच्या दिवशीच वाचलं होतं.

पुढची पस्तीस मिनिटं हेबेर्तला फार जड गेली. पानावर काहीही घडत नव्हतं आणि अशा लिलावाची त्याला सवय नव्हती. दोनदा तो उठून दारापर्यंत जाऊन आला. बाकीच्यांनी केक खाल्ला. सात पन्नासला थर्मास खोलीत परत आला. बाबांचं घड्याळ टेबलावर मधोमध उघडं ठेवलं होतं आणि पाच जण त्याच्याभोवती वाकून बसले होते. आठ वाजले. पान एकदा लुकलुकलं. लिलाव बंद. विजेता : आदेमार. दार्दो उठला आणि त्याने बाबांच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

मिशीवाल्याने पेढीला तीन पत्रं लिहिली. तो समुद्रकाठच्या एका हॉटेलाचा मालक निघाला. तीन वेगवेगळ्या घड्याळांनुसार आपणच जिंकलो आहोत असं त्याचं म्हणणं होतं. पेढीने एका पत्राची प्रत माहितीसाठी विजेत्याकडे पाठवली. हेबेर्तने ती मागून घेतली आणि दंतवैद्याच्या स्टँडला अडकवली. डावपेच बरोबर होता, फक्त वेळ चुकली, असं तो अजून सांगतो. दार्दोने बेकरीवाल्याची माफी मागितली, त्याच पाच गिऱ्हाइकांसमोर मागायची त्याची तयारी होती, पण बेकरीवाल्याने सहावं, सातवं आणि आठवंही जमवलं होतं.

अठरा तारखेला मालाच्या बसने खुर्ची आली. दारातून आत जाईना, म्हणून चौकट काढावी लागली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. हिरव्या रंगावर नख घासलं. पाय ठेवायच्या पट्टीचा स्क्रू ढिला होता, तो कात्रीच्या टोकाने आवळला. डाव्या हातावरचे दातांचे व्रण चाचपले. आता ते बसणार म्हणून झुल्माने उशी आणली होती. बाबांनी उशी परत केली, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात ठेवायला सांगितली आणि भिंतीवरचा टॉवेल झटकला.

"बस," ते दार्दोला म्हणाले.

दार्दो बसला. बाबांचा हात थरथरत होता आणि कात्री धरल्यावरही थरथरायचा थांबला नाही. ते थरथर कमी होईपर्यंत थांबत, एक कातर मारत, पुन्हा थांबत. डाव्या कानाला एकदा कात्री लागली. दार्दोचा अंगठा आपोआप त्या चार व्रणांवर गेला, पण तो हलला नाही.

"इतकी वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत," तो आरशाला म्हणाला.

"तू टीव्ही आणला होतास," बाबा म्हणाले. "पोराने काहीतरी आणलं होतं. त्याला काय बोलणार?"

 दार्दोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टॉवेलखाली हात अडकल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. बाबांनी टॉवेलच्या कोपऱ्याने ते केसांसकट पुसलं, मानेवर ब्रश फिरवला आणि त्याला मागचा आरसा दाखवला. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर होती. दार्दो म्हणाला, छान झालं.

बाबांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं. "पुढल्या महिन्यात याच तारखेला दहा वाजता," ते म्हणाले. "आणि लवकर ये. तुला शेवटच्या क्षणाची वाट बघायची सवय आहे."

अठरा नोव्हेंबरला दहाची वेळ असून दार्दो नऊलाच येऊन खुर्चीत बसला. बाबाही आतून नऊ वाजताच आले, टॉवेल घेऊन.